स्थूलता आणि वनस्पतिजन्य द्रव्ये : कोकमाने दिलेला धडा

(पनवेल परिसरातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी एकेकाळी होडीने पनवेल बंदरात उतरत असे आणि १८३० साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने पुढे घाट चढत असे. त्या बंदराच्या गावी १८५२ साली नगरपालिका आली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या भातखाचरांशेजारी नवे नगर उभे राहू लागले. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि २०२५ साली या परिसरातील विमानतळाचे उद्घाटन झाले. दोनशे वर्षांच्या आत होडी व बैलगाडीपासून विमानापर्यंतचा हा प्रवास अभिमानास्पद होय. परंतु या प्रवासात पायांचे काम चाकांकडे गेले, उखळ-जात्याचे काम यंत्राकडे गेले, आणि जेवणाच्या ताटात मात्र त्या प्रमाणात घट झाली नाही. उलट तेल, साखर व मैदा यांची भर पडली. स्थूलतेचा प्रश्न उद्भवतो तो येथे.

याच पनवेलात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापन केला. वनौषधींची शास्त्रशुद्ध निर्मिती हा ज्या गावाचा दीडशे वर्षांचा वारसा आहे, त्या गावात ‘वनस्पतींनी वजन उतरते काय?’ हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. आज बाजारपेठेत, मोबाइल फोनवर आणि भिंतीवरील जाहिरातींत वजन घटविणाऱ्या चूर्णांचा व गोळ्यांचा सुळसुळाट झालेला आहे. महिन्याच्या मजुरीतून काही शे रुपये काढून असा डबा आणणाऱ्या कुटुंबाला त्यातून नेमके काय मिळते, हे समजून घेण्याची जबाबदारी गावातील जाणत्या मंडळींवर येते.

चरकांचे निदान

स्थूलता हा आधुनिक काळाचाच रोग आहे, अशी समजूत बरोबर नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोन्ही अवस्थांचा विचार केलेला आहे. अतिस्थूलतेचे आठ दोष तेथे सांगितले आहेत. आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दुर्बलता येणे, अतिशय घाम, भूक व तहान लागणे यांचा त्यांत समावेश होतो. कारणे देताना चरकाचार्य अतिभोजन, जड, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांचा निर्देश करतात. त्याचबरोबर बीजस्वभाव, म्हणजे आईवडिलांकडून येणारी प्रकृती, हेही एक कारण म्हणून सांगतात. आनुवंशिकतेचा हा उल्लेख विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्थूल व्यक्तीस आळशी म्हणून हिणविण्याची जी प्रवृत्ती समाजात आढळते, तिला या प्राचीन ग्रंथाचाही आधार नाही.

उपचाराचे सूत्र त्याहून मार्मिक आहे. स्थूल व्यक्तीस असे अन्न द्यावे की जे पोटास जड असेल, पण शरीराचे पोषण फार वाढविणार नाही. जव, मूग व ताक यांची योजना त्या दृष्टीने केलेली आहे. त्रिफळा, गुळवेल, नागरमोथा ही द्रव्येही सांगितली आहेत. पण त्यांच्या जोडीला व्यायाम व जागरण क्रमाक्रमाने वाढवावे, असेही बजावले आहे. औषध हे आहारविहाराच्या सोबतीला येते, त्याची जागा घेत नाही, हा या उपदेशाचा गाभा होय.

वजनकाट्यावर न दिसणारी चरबी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाचे अथवा स्थूल आढळले. त्यापूर्वीच्या २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे २१ व १९ टक्के होते. केवळ शहरांचा हा प्रश्न आहे, असे म्हणून ग्रामीण भागास स्वस्थ बसता येणार नाही.

या बाबतीत महाराष्ट्रात झालेले एक संशोधन जगभर गाजले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास हाती घेतला. येथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या अर्भकांचे सुमारे ३.५ किलो होते. मात्र भारतीय बाळाच्या शरीरात स्नायू व अवयव लहान असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, पण आतून मेदयुक्त अशी ही घडण असल्यामुळे पुढील आयुष्यात थोडे वजन वाढले तरी मधुमेहाचा धोका वाढतो.

म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरली जाते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा आकडा २३ च्या पुढे गेल्यास सावध व्हावे आणि २५ च्या पुढे गेल्यास स्थूलता समजावी, असा भारतीय तज्ज्ञांचा निर्वाळा आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६४ किलो झाले की हा २५ चा आकडा गाठला जातो. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हीही धोक्याची खूण होय. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शिंप्याची फीत पुरेशी आहे.

कोकमाच्या सालीतील आम्ल

आता मुख्य विषयाकडे वळू या. कोकणच्या घराघरांत आमटीला आंबटपणा आणणारे आमसूल ही रातांब्याची वाळविलेली साल होय. याच कुळातील मलबारी चिंच केरळात माशांच्या कालवणात वापरतात. या मलबारी चिंचेतील आंबटपणा नेमका कशाचा, याचा शोध म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस व नीलकंठन या शास्त्रज्ञांनी घेतला. तो लिंबातील सायट्रिक आम्लाचा नसून त्याच्या एका भावंडाचा, हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा आहे, असे त्यांनी १९६५ साली दाखवून दिले. कोकमाच्या वाळल्या सालीतही हे आम्ल वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके असते.

या आम्लाचा चरबीशी संबंध कसा येतो? गरजेपेक्षा अधिक पिष्टमय व गोड अन्न पोटात गेले की यकृत त्यातील काही भागाची चरबी बनविते. या क्रियेत सायट्रेट नावाच्या द्रव्याचे तुकडे करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल दिसायला सायट्रेटसारखेच असल्यामुळे ते त्या विकरास जाऊन चिकटते. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, तसे ते विकर त्यामुळे अडून राहते. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात लोवेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ही गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध केली. पुढे उंदरांवर प्रयोग झाले. त्यांचे खाणे कमी झाले व चरबीही घटली. ‘मेद थोपविणारे फळ’ सापडले, असे जगास वाटू लागले आणि या आम्लाच्या गोळ्या बाजारात आल्या.

कसोटी माणसाची

परीक्षानळीत जे घडते ते माणसात घडेलच, असे नाही. न्यूयॉर्क येथे स्थूल स्त्री-पुरुषांवर झालेल्या परीक्षेचा निष्कर्ष १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १३५ व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटास रोज १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल व दुसऱ्यास हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. कोणास काय मिळते, हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यासही. दोन्ही गटांना सारखाच कमी ऊर्जेचा व तंतुमय आहार होता. बारा आठवड्यांनंतर औषधवाल्या गटाचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले, तर निष्क्रिय गोळीवाल्यांचे ४.१ किलोने! हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. म्हणजे वजन दोघांचेही घटले, पण ते आहाराने, गोळीने नव्हे.

यानंतर २०११ साली ब्रिटनमधील संशोधकांनी अशा अनेक परीक्षांची एकत्र छाननी केली. गोळीमुळे पडणारा फरक सरासरी एका किलोपेक्षाही कमी निघाला, आणि काटेकोरपणे केलेल्या परीक्षाच विचारात घेतल्या तर तोही अर्थपूर्ण उरला नाही.

असे का व्हावे? सामान्य मिश्र आहार घेणाऱ्या माणसाच्या शरीरात साठणारी चरबी मुख्यतः अन्नातल्या तेला-तुपातूनच येते. पिष्टापासून नव्याने तयार होणाऱ्या चरबीचा वाटा त्या मानाने लहान असतो. मागच्या दाराने येणारी आवक थांबविली, तरी पुढचे दार उघडेच राहते. शिवाय त्या परीक्षेतील मात्रा आमसुलांत मोजली तर दिवसाला सुमारे १५ ग्रॅम आमसुले होतात. आमटीतील दोन-चार आमसुलांतून तेवढे आम्ल मिळत नाही.

यावरून कोकमाची किंमत कमी होत नाही. प्राचीन वैद्यकात ‘वृक्षाम्ल’ या नावाने ओळखले जाणारे हे फळ मेदोरोगावरील रामबाण म्हणून कोणी गौरविलेले नव्हते. रुची आणणारे, पाचक द्रव्य हीच त्याची ख्याती होती, आणि ती आजही अबाधित आहे. खरी गंमत पुढेच आहे. त्याच कोकमाचे आगळ मीठ घालून पाण्यात मिसळले तर उन्हाळ्यात साखरेशिवाय तहान भागते. पण सालींत त्यांच्या वजनाइतकी वा त्याहून अधिक साखर घालून केलेले सरबत दिवसातून तीनदा घेतले, तर वजन उतरण्याऐवजी वाढते. एकाच झाडाचे फळ. ते उपकारक की अपकारक हे साखरेच्या चमच्यावर ठरते.

गुग्गुळाची कथा

दुसरे उदाहरण गुग्गुळाचे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा धरून काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी गुग्गुळाचा अभ्यास केला व १९६६ साली प्रबंध सादर केला. स्निग्ध आहार दिलेल्या सशांच्या रक्तातील मेद गुग्गुळाने घटतो, असे त्यात दिसून आले. प्राचीन ग्रंथातील वचन आधुनिक प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचा हा अभ्यास आदर्शवत् मानला जातो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापुढील काम केले आणि गुग्गुळाचे शुद्ध सत्त्व १९८० च्या दशकात भारतात औषध म्हणून उपलब्ध झाले.

तथापि २००३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या परीक्षेत अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. शिवाय हा अभ्यास रक्तातील मेदाचा आहे, शरीराच्या वजनाचा नव्हे. दोहोंची गल्लत जाहिरातींत सर्रास केली जाते. आणखी एक बाब चिंतेची आहे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखातील गुग्गुळाचे झाड डिंकासाठी अघोरी रीतीने चिरले गेल्यामुळे आज अतिधोक्यात असलेल्या वनस्पतींत गणले जाते. खप वाढविणारी प्रत्येक अतिशयोक्त जाहिरात त्या झाडावर एक घाव घालीत असते.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

वनस्पतींपासून खरे औषध निघत नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. युरोपात गुरांच्या चाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गॅलेगा नामक वनस्पतीतील द्रव्यांच्या अभ्यासातून मेटफॉर्मिन हे औषध पुढे आले. फ्रान्समध्ये डॉ. स्टर्न यांनी १९५७ साली त्याचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला आणि आज ते जगात सर्वत्र वापरले जाते. पण त्या प्रवासात मूळ वनस्पतीतील विषारी अंश बाजूला पडला, मात्रा निश्चित झाली आणि हजारो रुग्णांवर परीक्षा झाल्या. वनस्पती ते औषध ही वाट अशी लांबची आहे.

ती वाट टाळली की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. एफेड्रा या वनस्पतीची द्रव्ये असलेल्या वजन घटविणाऱ्या गोळ्यांवर हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिकेने २००४ साली बंदी घातली. मलबारी चिंचेच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृतास गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हिरव्या चहाचा पेला निरुपद्रवी असला, तरी त्याच्या अर्कातील कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक गेल्यास यकृतावर ताण पडण्याची खूण दिसते, असा युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ साली इशारा दिला. पेय आणि गोळी, ताटातील द्रव्य आणि डब्यातील अर्क, यांतील भेद तो हाच.

आज स्थूलतेवर सेमाग्लुटाइडसारखी परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. ती वनस्पतिजन्य नाहीत आणि डॉक्टरांच्या देखरेखीविना घेण्याजोगीही नाहीत. ज्यांना त्यांची गरज आहे त्यांनी रुग्णालयाचा रस्ता धरावा. चूर्णाच्या आशेने मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू औषधे बंद करणे हा सर्वांत मोठा अपघात होय.

ताटातील वनस्पती

मग वनस्पतींचा उपयोग कोठे? चरकाचार्यांनी सांगितलेल्या ‘जड पण अल्पपोषक’ अन्नास आजची परिभाषा तंतुमय अन्न म्हणते. रायगडच्या डोंगरउतारांवर पिकणारी नाचणी त्यात अग्रेसर आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. तितक्याच सडलेल्या पांढऱ्या तांदळात सुमारे ३ ग्रॅम. तंतूंमुळे पोट लवकर भरते, अन्न हळूहळू पचते आणि पुढच्या वेळची भूक आवरती राहते. मेथीदाण्यातील बुळबुळीत तंतू, इसबगोल, वाल-मुगाची उसळ, शेवग्याच्या शेंगा व पावसाळी रानभाज्या यांचे कार्यही याच प्रकारचे आहे. हा परिणाम चमत्काराचा नाही. तो सावकाश होणारा, पण भरवशाचा आहे. अट एकच, की नाचणीची भाकरी भातावर चढविण्याऐवजी भाताच्या काही वाट्याच्या जागी आली पाहिजे.

कोणी काय करावे?

शासकीय कर्मचाऱ्यांच्या हाती कायदा आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत स्थूलतेचा स्पष्ट समावेश आहे. स्थूलता हमखास बरी करण्याची जाहिरात आढळल्यास ती अन्न व औषध प्रशासनाच्या निदर्शनास आणून देता येते. अनुज्ञप्ती क्रमांक, घटकद्रव्ये व निर्मात्याचा पत्ता नसलेला डबा हा संशयास पात्र समजावा.

शिक्षकांच्या हाती वजनकाटा, उंचीची पट्टी आणि विद्यार्थ्यांचा विश्वास आहे. वाढ नोंदविताना मुलांना एकमेकांसमोर हिणविले जाणार नाही, याची काळजी घेतली पाहिजे. आमसुलाच्या आम्लाची गोष्ट विज्ञानाच्या तासाला सांगितली, तर शोध, प्रयोग व कसोटी या तिन्ही पायऱ्या मुलांना घरच्या उदाहरणावरून समजतील.

पंचायत सदस्यांच्या हाती गावाचा परिसर आहे. संध्याकाळी स्त्रियांना निर्भयपणे चालता येईल असा उजेडाचा रस्ता, मुलांना मोकळे मैदान, सभा-समारंभांत गोड सरबताऐवजी आगळाचे पाणी वा ताक, आणि बचत गटांनी केलेल्या नाचणीच्या पदार्थांना बाजार, एवढ्या गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये गावाची जैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. तीत गावच्या रानभाज्यांची व वनौषधींची नोंद जाणत्या वृद्धांकडून, विशेषतः ठाकूर व कातकरी बांधवांकडून, करून घेतली तर हे ज्ञान पुढच्या पिढीपर्यंत टिकेल.

कोकमाने दिलेला धडा थोडक्यात सांगावयाचा तर तो असा : वनस्पतीत गुण असतो, पण गुण सिद्ध होतो तो कसोटीने, आणि उपयोगी पडतो तो योग्य जागी. रातांब्याची जागा गोळीच्या डब्यात नाही, ती चुलीजवळच्या बरणीत आहे. ज्या पनवेलने दीडशे वर्षांपूर्वी वनौषधींना कारखान्याची शिस्त लावली, त्या पनवेलच्या परिसराने आता वनौषधींच्या नावाने चालणाऱ्या भूलथापांना कसोटीची शिस्त लावावी. तसे झाले तर महिन्याच्या मजुरीतून डब्यासाठी निघणारे ते काही शे रुपये घरात डाळ, भाजी व नाचणी होऊन येतील, आणि वजन उतरविण्याचा तोच अधिक खात्रीचा मार्ग ठरेल.